जुन्या पिकअपला पाच गिअरचा बॉक्स बसवताना

जुनी पिकअप हायवेवर काढलेल्या माणसाला तो आवाज चांगला ओळखीचा असतो. टॉप गिअर कधीच पडलाय, काटा साठ मैलांवर आलाय आणि इंजिन अजून एक गिअर मागत असल्यासारखं ओरडतंय. डावा पाय आपोआप क्लचकडे जातो, आणि मग लक्षात येतं की पुढे गिअरच नाही.

शेव्हरोले (म्हणजे शेव्ही), जीएमसी किंवा फोर्डच्या 1950 ते 1980 च्या दरम्यानच्या बहुतेक पिकअपची हीच गत आहे. कुठे स्टिअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर, कुठे जमिनीतून वर आलेली चार गिअरची लांब काठी. शेव्हीचा एसएम 465 हा चार गिअरचा बॉक्स 1968 ते 1991 इतकी वर्षं चालला. त्याचा पहिला गिअर 6.55 चा. चिखलातून भरलेली गाडी ओढायला तो उत्तम, पण रिकामी गाडी सगळे दुसऱ्यातच उचलतात. म्हणजे हातात उरले तीनच, आणि शेवटचा सरळ 1:1. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टला इंजिनपेक्षा जास्त वेगाने फिरवणारा गिअर, नाही.

पाच गिअरचा बॉक्स बसवला की गाडीचा स्वभावच बदलतो. हे काम घरच्या गॅरेजमध्ये होण्यासारखं आहे. मात्र हे मापांचं काम आहे. बोल्ट खोलणं आणि घट्ट करणं हा त्यातला सोपा भाग. ज्यांची कामं अर्ध्यात अडकलेली पाहिली, त्यातल्या बहुतेकांनी आधी बॉक्स विकत घेतला होता आणि मापं नंतर घेतली होती.

आधी कागदावर

तुमच्या गाडीला पाचवा गिअर किती उपयोगी पडेल, हे दोन मिनिटांत काढता येतं. मैलांतला वेग गुणिले डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या एक्सलमधलं, गुणोत्तर गुणिले 336, भागिले टायरचा व्यास इंचांत. उत्तर येतं ते 1:1 गिअरमधलं इंजिनचं आरपीएम.

टायर 28 इंची आणि मागचं गुणोत्तर 3.73 असेल, तर 65 मैलांच्या वेगाला, म्हणजे साधारण 105 किलोमीटरला, इंजिन 2,900 च्या आसपास फिरतं. पाचवा गिअर 0.73 चा मिळाला तर तेच 2,120 वर येतं. मागे 4.11 असेल तर फरक आणखी जाणवतो. उलट कुणी आधीच मागे 3.08 सारखं उंच गुणोत्तर टाकून ठेवलं असेल, तर पाचव्यात इंजिन 1,750 वर येईल. जुनं सहा सिलिंडरचं इंजिन तिथे चढावर धापा टाकू लागतं. अशा गाडीला 0.80 च्या आसपासचा पाचवा गिअर जास्त मानवतो.

दुसरा हिशेब पहिल्या गिअरचा. पहिल्याचं गुणोत्तर आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर यांचा गुणाकार करा. दहा ते बाराच्या दरम्यान उत्तर आलं, तर रस्त्यावर वापरायच्या गाडीसाठी पहिला गिअर छान वाटतो. पंधराच्या आसपास आलं की उचल दणदणीत, पण चौक ओलांडायच्या आत दुसरा टाकावा लागतो. एसएम 465 आणि 3.73 हे जुनं समीकरण चोवीसच्या वर जातं. मालाची गाडी आणि फिरायची गाडी यांतला फरक एवढ्या आकड्यांत दिसतो.

डिफरन्शियलचं गुणोत्तर माहीत नसेल तर मागची दोन्ही चाकं उचलून पक्क्या स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना अडण्या लावा, गिअर न्यूट्रल करा. दोन्ही मागची चाकं एकाच दिशेला एक पूर्ण फेरा फिरवा आणि बॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. पावणेचारच्या जरा आत आले, तर 3.73.

कोणता बॉक्स

नावं पुष्कळ आहेत. नवशिक्यासमोर खरं तर चार-पाच पर्याय येतात.

शेव्हीवाल्यांचा लाडका म्हणजे एनव्ही 3500. हा जनरल मोटर्सच्या 1990 च्या दशकातल्या पिकअपमध्ये सर्रास सापडतो. ॲल्युमिनियमचा, वजनाला सुमारे 50 किलो, बऱ्याच बॉक्समध्ये पहिला गिअर 4.02 आणि पाचवा 0.73. बेल हाउसिंग, म्हणजे क्लचवरचं घंटेसारखं आवरण, अंगचीच, वेगळी निघत नाही. ठीकठाक ताकदीच्या व्ही-8 ला हा पुरतो. त्याचा थोरला भाऊ एनव्ही 4500 हा बिडाचा, जवळजवळ 90 किलोचा, पहिला गिअर मॉडेलप्रमाणे 5.61 किंवा 6.34. तो घ्या, पण खरोखर ओझं ओढायचं असेल तरच. नुसत्या फिरायच्या गाडीला तो लादू नका, कारण तुम्ही ज्यापासून सुटका शोधताय तोच पहिला गिअर पुन्हा घरात येतो.

हलक्या गाडीला, विशेषतः जुन्या सहा सिलिंडरवाल्या शेव्हीला, बोर्ग-वॉर्नरचा टी-5 शोभतो. त्यातही शेव्ही एस-10 पिकअपमधला टी-5 लोक मुद्दाम शोधतात. त्याची गिअरची काठी बरीच पुढे बाहेर येते, त्यामुळे सलग बाकासारख्या सीटच्या आड येत नाही. मस्टँग किंवा कॅमॅरोमधल्या टी-5 ची काठी मागे असते. जुन्या पिकअपमध्ये ती थेट सीटच्या कडेला येऊन बसते. टी-5 च्या मागच्या बाजूच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर 1352 ने सुरू होणारा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून तो कोणत्या गाडीचा, कोणत्या गुणोत्तरांचा, हे सगळं कळतं. पट्टी नसलेला बॉक्स घेताना जरा थांबून विचार करा.

फोर्डवाल्यांना 1988 पासूनच्या एफ-150 मधला माझदाचा एम5ओडी-आर2 मिळतो. 300 घन इंचांचं सहा सिलिंडर आणि 302 च्या व्ही-8 मागे तो येतो. पहिला 3.90, पाचवा 0.80. त्याची एक खोड सगळ्यांना ठाऊक असायला हवी: वरच्या झाकणात, गिअर बदलणाऱ्या सळयांच्या टोकांशी, तीन रबरी बुचं असतात. ती वाळतात, हळूहळू तेल झिरपतं, खाली थेंब पडेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही आणि बॉक्स कोरडा पडून जळतो. बॉक्स हातात आला की पहिलं काम म्हणून ती बुचं काढून धातूची बसवा. बॉक्स बाहेर असताना हे छोटं काम आहे, आत गेल्यावर नाही.

आणि बजेट मोठं असेल, इंजिन तगडं असेल, तर ट्रेमेकचा नवाकोरा टीकेएक्स. काठी बाहेर येण्याच्या एकाहून जास्त जागा त्यात मिळतात, आणि जुन्या पिकअपसाठी हीच त्याची सगळ्यात मोठी सोय आहे.

यातला कुठलाही ठरवण्याआधी वहीत ही मापं लिहा: इंजिनच्या मागच्या तोंडापासून सध्याच्या बॉक्सच्या शेपटीपर्यंतची लांबी, इंजिनच्या मागच्या तोंडापासून गिअरच्या काठीच्या मध्यापर्यंतचं अंतर, क्रॉस मेंबर (बॉक्सला खालून धरणारा चॅसिसचा आडवा तुकडा) कुठे आहे ते, इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) स्प्लाइनची, म्हणजे खाचांची, संख्या आणि व्यास, आणि बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाचा व्यास. शेवटचं माप बहुतेक जण विसरतात. जनरल मोटर्सच्या मोटारींमध्ये हे भोक 4.686 इंचांचं आणि ट्रकांमध्ये बऱ्याचदा 5.125 इंचांचं असतं. बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचं गोल झाकण याच भोकात नेमकं बसून बॉक्सला मध्यावर धरतं. मोटारीचा बॉक्स ट्रकच्या बेल हाउसिंगला लावला, तर चारही बोल्ट आरामात बसतात आणि मधे मात्र बॉक्स सैल लोंबतो. मधे भरायची कडी मिळते, ती लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाडीच्या हाडांकडे बघा

काही गाड्यांमध्ये अडचण बॉक्सच्या फार पलीकडे असते. 1954 पर्यंतच्या शेव्हीच्या अर्ध्या टनी पिकअपमध्ये प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत असतो आणि मागच्या एक्सलचा धक्का ती नळीच पुढे पोचवते. नवा बॉक्स लावायचा म्हणजे उघडा शाफ्ट आला, उघडा शाफ्ट आला म्हणजे मागचा एक्सलही बदलणं आलं. हे काम वाईट नाही, पण ते दुप्पट काम आहे, आणि सुरुवातीलाच ते ठाऊक असलेलं बरं.

त्याच काळातल्या कित्येक ट्रकांमध्ये इंजिनचा मागचा भार बेल हाउसिंगच्या दोन बाजूंच्या कानांवर असतो. बॉक्सखाली आधारच नसतो. अशा गाडीची बेल हाउसिंग काढून अंगची बेल हाउसिंग असलेला बॉक्स लावला, तर इंजिन मागून कशावर टेकणार? एकतर इंजिनच्या बाजूंना नवे माउंट आणि बॉक्सखाली नवा क्रॉस मेंबर करा, किंवा मूळ बेल हाउसिंग ठेवून तिला अडॅप्टर प्लेटने बसणारा बॉक्स निवडा. माझं मत विचाराल तर 1940–50 च्या दशकांतल्या गाडीत दुसरा मार्ग पहिल्यांदा तपासावा. मूळ क्लचची यंत्रणाही त्यात वाचते.

आणखी एक गोष्ट, जिवाशी संबंधित. 1972 पर्यंतच्या अनेक शेव्ही पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते. फोर्डमध्येही 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेच. फरशी कापायला ग्राइंडर हातात घ्याल, तेव्हा ठिणगी आणि ती टाकी एकाच खोलीत असतात. टाकी रिकामी करणं पुरेसं नाही, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची. टाकी काढून बाहेर, लांब ठेवा. बॅटरीची वायर काढा. मगच कापाकापी.

जुना बॉक्स खाली

यावर फार लिहीत नाही. गाडी चारही बाजूंनी पक्क्या स्टँडवर, सपाट जमिनीवर. तेल काढून टाका, नाहीतर शाफ्ट ओढल्याबरोबर ते शेपटीतून तुमच्या बाहीत येईल. इंजिनच्या मागच्या बाजूला, ऑइल पॅनखाली लाकडी फळी देऊन जॅक लावा. बॉक्ससाठी बॉक्सचाच जॅक भाड्याने आणा. बिडाचा चार गिअरचा बॉक्स छातीवर घेण्याची वस्तू नाही. काढलेला प्रत्येक बोल्ट कुठला ते लिहून वेगळ्या डब्यात ठेवा.

फ्लायव्हील आणि क्लच

शेव्हीच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनवाल्यांनी इथे सावध राहावं. 1986 पासून क्रँकचं मागचं सील दोन तुकड्यांऐवजी एकसंध झालं आणि त्याबरोबर फ्लायव्हीलच्या बोल्टांचं वर्तुळ 3.58 इंचांवरून 3.00 इंचांवर आलं. जुन्या इंजिनाला नव्या गाडीचं फ्लायव्हील बसतच नाही. दातांची संख्याही पाहा: 153 दात की 168 दात. त्यावर स्टार्टर ठरतो. 168 दातांच्या मोठ्या फ्लायव्हीलला तिरके बोल्ट असलेला स्टार्टर लागतो, आणि ते फ्लायव्हील त्या बेल हाउसिंगमध्ये मावतं का, हेही पाहावं लागतं.

फ्लायव्हीलचं तोंड लेथवर सपाट करून घ्या. निळे डाग दिसत असतील, बारीक भेगा असतील तर नवंच घ्या. क्लच प्लेट नव्या बॉक्सच्या स्प्लाइनची हवी, प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या मापाची. क्लच प्लेट आधी हातानेच इनपुट शाफ्टवर सरकवून पाहा, अडखळता कामा नये. त्या शाफ्टवर ग्रीसचं बोट फिरवताना हात आखडता घ्या, जास्तीचं ग्रीस फिरताना उडून थेट प्लेटच्या अस्तरावर जातं.

क्रँकच्या मागच्या टोकातलं पायलट बुश, ज्यात इनपुट शाफ्टचं टोक फिरतं, कधीही जुनं ठेवू नका. ते काढायची जुनी युक्ती अजूनही चालते: भोकात ग्रीस गच्च भरायचं, भोकाच्या मापाची गुळगुळीत सळई घालून हातोडीने मारायचं. ग्रीसला जायला जागा नसते, ते बुशच्या मागून दाबतं आणि बुश मिलिमीटर-मिलिमीटरने बाहेर येतं. नवं बुश कांस्याचं घ्या. सुया असलेलं बेअरिंगही मिळतं, पण जरा वाकडी जोडणी कांस्याचं बुश सहन करतं, सुयांचं बेअरिंग करत नाही.

डायल गेजचा तास

या साऱ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्या. नवा बॉक्स तीन महिन्यांत कुरकुरायला लागला, गरम झाल्यावर चौथ्यातून आपोआप बाहेर पडायला लागला, पायलट बुश पुन्हापुन्हा खाल्लं जाऊ लागलं, तर दोष बहुतेकदा इथे राहिलेला असतो.

क्रँकचा अक्ष आणि इनपुट शाफ्टचा अक्ष एका रेषेत असायला हवेत. ही रेषा जुळवणारी वस्तू म्हणजे बेल हाउसिंग, आणि बेल हाउसिंग कुठे बसेल हे ठरवतात इंजिनच्या मागच्या तोंडावरच्या दोन डॉवेल पिना. कारखान्यातून निघालेली जोडीही थोडी इकडेतिकडे असते, आणि तुम्ही तर आता वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र आणताय.

बेल हाउसिंग क्लचशिवाय इंजिनला लावून बोल्ट योग्य टॉर्कला घट्ट करा. सगळे स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. डायल गेजचा चुंबकी पाय फ्लायव्हीलवर चिकटवा आणि गेजचं टोक बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा. काटा वरच्या बिंदूला शून्यावर आणा. आता पुढच्या बोल्टवर पाना लावून क्रँक अगदी सावकाश फिरवा आणि घड्याळातल्या तीन, सहा आणि नऊच्या जागी थांबून वाचन लिहा. काटा थरथरला तर कड खरवडलेली आहे, बारीक पॉलिश पेपरने पुसून पुन्हा सुरुवात.

समजा वर शून्य आलं आणि खाली 16 थाऊ, म्हणजे इंचाचे 16 हजारांश. खरा वाकडेपणा त्याच्या निम्मा, 8 थाऊ. काट्याची एकूण हालचाल 5 थाऊच्या आत यायला हवी. त्यासाठी मध्यापासून सरकवलेल्या डॉवेल पिना मिळतात, 7, 14 आणि 21 थाऊच्या. इथे 7 ची जोडी घ्या, दोन्ही पिना एकाच दिशेला वळवून बसवा आणि परत मोजा. काटा आता 2 थाऊच्या आसपास हलायला हवा. नसेल तर पिन थोडी फिरवा, पुन्हा मोजा. कंटाळा येतो, पाठ दुखते, पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला काटा जवळजवळ स्थिर राहून भोकाची कड फिरताना दिसते, तेव्हा पुढचं सगळं काम हलकं होतं.

बेल हाउसिंग बॉक्सच्या अंगचीच असेल तर हे मोजमाप करता येत नाही. तिथे सगळा भरवसा पिनांवर, म्हणून दोन्ही डॉवेल पिना इंजिनवर आहेत ना, हे बोटाने चाचपून पाहा. जुन्या ब्लॉकमधून एखादी पिन गायब असणं फार सामान्य आहे. नुसते बोल्ट बॉक्सला मध्यावर धरू शकत नाहीत, बोल्टांच्या भोकांत तेवढी सैल जागा असतेच.

बॉक्स चढवणं

आत जाण्याआधी बॉक्सचं पुढचं आणि मागचं सील नवं घाला. क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत बसणारा असेल, तर तोही नवाच, मग जुना कितीही चांगला दिसो. तो पुढे गळला तर सगळा बॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागतो. मध्यभागी बसवायच्या दांडीने क्लच प्लेट बरोबर मध्यावर धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडेथोडे घट्ट करा.

दोन लांब बोल्टांची डोकी कापून त्यांना पेचकसासाठी खाच पाडा आणि ते मार्गदर्शक म्हणून लावा. बॉक्स त्यांच्यावरून सरळ पुढे सरकतो. जॅकने उंची आणि कल सारखा ठेवा: बेल हाउसिंग आणि बॉक्समधली फट वर आणि खाली समान दिसली पाहिजे. बॉक्स टॉप गिअरमध्ये टाकून मागून शाफ्ट हाताने किंचित फिरवला की स्प्लाइन जुळतात.

शेवटच्या अर्ध्या इंचाला बॉक्स बऱ्याचदा अडतो. तो क्षण नीट ओळखा. मोह होतो की बोल्ट लावावेत आणि बोल्टांनीच बॉक्स ओढून घ्यावा. तसं कधीही करू नका. इनपुट शाफ्टचं टोक पायलट बुशच्या कडेवर टेकलेलं असतं. बोल्ट कसले तर बुश चिरडतं किंवा बॉक्सचा कान तुटतो. आणि बॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवून चहाला जाऊ नका, क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग क्लच कधीच पूर्ण सुटत नाही. जॅक केसभर वर-खाली करा, शेपटी हाताने हलवा. सगळं जुळलेलं असेल तर बॉक्स स्वतःहून पुढे जातो आणि दोन धातू टेकल्याचा एक बसका, भरीव आवाज येतो. तो आवाज ऐकल्यावरच पाना उचला.

क्लचचं पेडल

मूळ दांड्यांची यंत्रणा टिकवता आली तर उत्तम. हायड्रॉलिक करायची असेल तर मास्टर सिलिंडर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, येतो, आणि जुन्या ट्रकची फायरवॉल म्हणजे शेवटी पत्राच. पेडल दाबलं की पत्रा फुगतो, तेवढी हालचाल वाया जाते आणि गिअर पडताना खरखरतात. आतून-बाहेरून जाड पट्टी देऊन पत्रा बळकट करा. पेडलची तरफ साधारण 6:1 ठेवा. पेडलपासून सिलिंडरकडे जाणारी सळई सरळ रेषेत ढकलली गेली पाहिजे, तिरकी नाही.

रिलीज बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या बोटांमध्ये किती अंतर ठेवायचं, ते त्या बेअरिंगच्या कागदावर लिहिलेलं असतं. ते बॉक्स चढवण्याआधी मोजून घ्या. बेअरिंग गरजेपेक्षा जास्त पुढे जाऊ नये म्हणून पेडलखाली थांबा लावा. हवा काढून झाल्यावर मागची चाकं उचललेली असतानाच परीक्षा घ्या: बॉक्स पहिल्यात, सोबतीने पेडल दाबलेलं, आणि तुम्ही खाली शेपटीशी शाफ्ट हाताने फिरवताय. फिरला तर क्लच सुटतोय. पेडल सोडल्यावर घट्ट व्हायला हवा.

क्रॉस मेंबर, शाफ्ट आणि कोन

क्रॉस मेंबर चॅसिसला बोल्टने लावा; वेल्डिंगने लावलात तर पुढच्या वेळी बॉक्स काढणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, तो कापावा लागेल. बॉक्सचं माउंट रबरी ठेवा.

शाफ्टचं माप घेताना गाडीचं वजन चाकांवरच हवं. मी पहिल्यांदा गाडी स्टँडवर, मागचा एक्सल लोंबकळत असताना माप घेतलं होतं आणि शाफ्ट पाऊण इंच लांब झाला. गाडी खाली उतरवल्यावर पुढचा योक, म्हणजे बॉक्समध्ये सरकणारं शाफ्टचं टोक, बॉक्सच्या शेपटीत तळाला टेकला, आणि पहिल्या खड्ड्यात तो धक्का बॉक्सच्या बेअरिंगवर गेला. योक पूर्ण आत ढकला, मग पाऊण ते एक इंच बाहेर ओढा, आणि तिथून मागच्या क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाशी असलेल्या फिरत्या सांध्याच्या) मध्यापर्यंत माप घ्या. कापलेला शाफ्ट बॅलन्स केल्याशिवाय लावू नका. पुढे आणि मागे क्रॉसचं माप वेगळं असेल तर दोन मापं जोडणारे क्रॉस मिळतात.

बॉक्सचा कल आणि मागच्या पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचा, कल एकमेकांना समांतर ठेवा, एका अंशाच्या आत. शाफ्टचा प्रत्येक टोकाशी होणारा कोन एक ते तीन अंश असावा. अगदी शून्यही नको, क्रॉसमधल्या सुया फिरल्याच नाहीत तर एकाच जागी घासून खळगे पडतात. लांब हौद्याच्या गाडीत दोन तुकड्यांचा शाफ्ट असतो. तिथे मधल्या बेअरिंगची जागाही पुन्हा पाहावी लागते.

केबिनच्या आत

फरशी कापण्याआधी सीट जागेवर ठेवा, तुमच्या उंचीला हवी तिथे सरकवा आणि काठी सगळ्या गिअरमध्ये घालून पाहा. दुसऱ्या, चौथ्या आणि रिव्हर्समध्ये मूठ सीटला लागते का, पहिल्या आणि तिसऱ्यात डॅशबोर्डला लागते का. काठी वाकवून किंवा बदलून बरंचसं निभावतं. भोक आधी लहान पाडा. वरचा उंचवटा बोल्टने निघणारा करा आणि खाली रबरी पट्टी द्या, नाहीतर बॉक्सची सगळी उष्णता पायाशी येते. स्टिअरिंगवरचे जुने गिअर असतील तर कॉलमचे खालचे दोन हात एका जागी बांधून टाका.

स्पीडोमीटर. जुन्या गाडीत तारेची केबल, नव्या बॉक्समध्ये बऱ्याचदा विजेचा सेन्सर. सेन्सरचे संकेत घेऊन केबल फिरवणारी छोटी मोटर मिळते, किंवा डायल तसाच ठेवून आतलं यंत्र बदलून घेता येतं. बॉक्सला केबलची जागा असेल तर टायर आणि डिफरन्शियलप्रमाणे दातांची छोटी चक्री बदलावी लागेल. रिव्हर्सच्या दिव्याची वायर आत्ताच जोडा, आणि क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये असा स्विचही.

तेल

प्रत्येक बॉक्सचं तेल वेगळं, आणि इथे अंदाज चालत नाही. एनव्ही 3500 ला सिंक्रोमेशसाठी बनवलेलं खास तेल लागतं. माझदाच्या एम5ओडीला ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ लाल तेल लागतं. टी-5 मध्ये 1985 पासून आलेल्या सुधारित, वर्ल्ड क्लास म्हणवल्या जाणाऱ्या प्रकारालाही तेच लागतं. त्याच्या जुन्या प्रकाराला मात्र जाड गिअर ऑइल. डिफरन्शियलमधलं जीएल-5 उरलंय म्हणून बॉक्समध्ये ओतू नका. बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही आणि थंड सकाळी दुसरा गिअर पडायला कुरकुर करतो. जुनं तेल काढण्याआधी वरचं भरायचं बूच उघडतंय ना ते पाहा, मगच खालचं बूच काढा.

रस्त्यावर

पहिले 500 मैल गावातल्या रस्त्यांवर, थांबत-चालत घालवा. क्लचचं नवं अस्तर तेव्हाच फ्लायव्हीलशी बसतं. या काळात ओझं ओढू नका, क्लच घसरवत चढावर गाडी धरून ठेवू नका. पहिल्या दहा मैलांनंतर गाडीखाली कागद अंथरा आणि सकाळी पाहा. पहिल्या शंभरानंतर बेल हाउसिंगचे, क्रॉस मेंबरचे आणि शाफ्टच्या क्रॉसचे बोल्ट पुन्हा पान्याने तपासा. साधारण 45 मैलांच्या पुढे सीटमधून बारीक थरथर आली तर शाफ्टचे कोन परत मोजा. क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट पाहा. सोडल्यावर, न्यूट्रलमध्ये येत असेल तर इनपुट बेअरिंग.

आणि एक कागद करा. बॉक्स कोणत्या सालच्या कोणत्या गाडीचा, त्याचा क्रमांक, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट कोणत्या गाडीची, मास्टर आणि आतला सिलिंडर कशाचा, डॉवेल पिना किती थाऊच्या, शाफ्टच्या पुढच्या-मागच्या क्रॉसची मापं, तेल कोणतं आणि किती. तुमची गाडी आता तीन-चार गाड्यांची मिळून झालेली आहे. सुट्या भागांच्या काउंटरवर नुसतं साल आणि मॉडेल सांगून चुकीचा भाग हातात येईल. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा.